परदेशी सेवावर्षातील एक महिना

बारावीची किंवा पदवीची परीक्षा आटोपून जर्मन भाषेच्या एकदोन पायऱ्या चढलेल्या मुलामुलींची, आणि त्यांच्याहूनही अधिक त्यांच्या आईवडिलांची, जी पत्रे अलीकडे आमच्याकडे येतात, त्यांत एकच गोंधळ निरनिराळ्या शब्दांनी पुन्हा पुन्हा मांडलेला आढळतो. जर्मनीत स्वयंसेवक म्हणून वर्षभर राहता येते, एवढे कोणीतरी सांगितलेले असते. परंतु ही नोकरी आहे की शिक्षण, तेथे पगार मिळतो की पदरचे घालावे लागते, दिवसभर करावयाचे तरी काय, आणि एवढ्यासाठी गावातला दलाल मागतो ती लाखांतली रक्कम मोजावी की नाही, याचा उलगडा कोणीच केलेला नसतो. त्यातच २०२४ साली महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेंबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याविषयी करार केल्यापासून, ती योजना आणि हे सेवावर्ष या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी लोक एकाच माळेत ओवू लागले आहेत.

आम्ही येथे वर्षाचा नव्हे, एका महिन्याचा हिशेब मांडणार आहोत. हातखर्च, प्रवासाचा पास, कामाचे वेळापत्रक या सर्वांचे माप तेथे महिन्याचेच असते. आणि करारनाम्यात लिहिलेला महिना व प्रत्यक्ष वाट्याला आलेला महिना शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची सवय ज्याला लागली, त्याला आपली फसवणूक होत आहे की केवळ घरची आठवण येत आहे, हे बहुधा ओळखता येते.

ही नोकरी नव्हे, आणि शिक्षणही नव्हे

जर्मनीतील सेवावर्षाचे दोन प्रकार आपल्या उपयोगाचे आहेत. पहिल्याचे नाव ‘फ्रायविलिगेस सोत्सियालेस यार’, व्यवहारात नुसते एफएसजे. शालेय शिक्षण पूर्ण झालेल्या आणि वयाची २७ वर्षे पूर्ण न झालेल्या तरुणांसाठी ते आहे, आणि त्याची मुदत साधारणतः बारा महिन्यांची, कमीत कमी सहा व जास्तीत जास्त अठरा महिन्यांची असते. दुसरा प्रकार ‘बुंडेसफ्रायविलिगेनडीन्स्ट’, म्हणजे बीएफडी. २०११ च्या जुलै महिन्यात जर्मनीने सक्तीची लष्करी सेवा स्थगित केली, तेव्हा शस्त्र हाती धरण्यास नकार देऊन त्याऐवजी इस्पितळांत आणि वृद्धनिवासांत नागरी सेवा करणाऱ्या तरुणांचा जो ओघ त्या संस्थांना वर्षानुवर्षे मिळत आला होता तो एकाएकी आटला, आणि ती उणीव भरून काढण्यासाठी हा प्रकार अस्तित्वात आला. त्याला वयाची वरची मर्यादा नाही. परदेशी उमेदवाराच्या दृष्टीने दोहोंतील काम जवळजवळ सारखेच असते. फरक असतो तो करारावर सही कोणाची, यात.

स्वयंसेवेची ही परंपरा कायद्याहून जुनी आहे. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, पिएर सेरेझोल या स्विस गृहस्थाने फ्रान्समध्ये व्हर्दंजवळच्या एका उद्ध्वस्त खेड्यात निरनिराळ्या राष्ट्रांतील लोकांचे श्रमशिबिर भरविले, आणि १९३४ च्या भूकंपानंतर हाच मनुष्य पुनर्बांधणीच्या कामासाठी बिहारात येऊन राहिला. त्याने स्थापन केलेली ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही संस्था आजही काही आठवड्यांची शिबिरे भरविते. ज्यांना वर्ष देणे शक्य नाही त्यांनी तिकडे अवश्य पाहावे.

सेवावर्ष नोकरी नसल्यामुळे त्यात पगार नाही, हातखर्च आहे. त्याबरोबरच दुसरीही एक गोष्ट ओघाने येते, आणि ती आपल्या हक्काची आहे: पगारी कर्मचाऱ्याची जागा स्वयंसेवकाने भरून काढावयाची नाही, त्याचे काम साहाय्यकाचे, असा दंडक कायद्यानेच घालून दिलेला आहे.

करारनामा हाती येताच

करारनामा जर्मन भाषेत असतो आणि तो आला म्हणजे घरात एवढा आनंद होतो की तो वाचण्याचे कोणाला सुचत नाही. आमचा आग्रह असा की सही करण्यापूर्वी जर्मन येणाऱ्या, परंतु या व्यवहारात कसलाही स्वार्थ नसलेल्या, एखाद्या व्यक्तीकडून तो ओळीओळीने वाचून घ्यावा आणि पुढील कलमे शोधावीत.

- हातखर्च. याला ‘टाशेनगेल्ड’ म्हणतात. कायद्याने त्याची कमाल मर्यादा ठरविली आहे, किमान नाही. २०२४ साली ही मर्यादा वाढविण्यात आली आणि २०२५ साली ती दरमहा ६४४ युरो होती. प्रत्यक्षात पुष्कळ संस्था याहून बरेच कमी देतात.
- खोली आणि जेवण. दोन्ही देणे संस्थेवर बंधनकारक नाही. कोठे दोन्ही मिळतात, कोठे त्यांच्या मोबदल्यात रोख रक्कम मिळते, कोठे यांपैकी काहीच मिळत नाही.
- कामाचे तास. पूर्णवेळ सेवेत साधारणतः आठवड्याला ३८ ते ४० तास.
- रजा. पाच दिवसांच्या आठवड्याला वर्षाकाठी किमान २० दिवस. अनेक करारांत याहून अधिक असते.
- प्रशिक्षणाचे दिवस. बारा महिन्यांत २५. हे कामाचे दिवस म्हणूनच धरले जातात.
- विमा. आरोग्य, शुश्रूषा, निवृत्तिवेतन, बेकारी आणि अपघात या सर्वांचे हप्ते संस्थेने भरावयाचे असतात. ते आपल्या हातखर्चातून कापले जात असतील तर तात्काळ विचारणा करावी.
- परीक्षणाचा काळ. आरंभीचे काही आठवडे असे असतात की कोणत्याही बाजूला अल्प सूचनेने करार मोडता येतो. ते किती आठवडे, हे तारखेसह टिपून ठेवावे.

या सर्वांत खोलीचे कलम आम्ही सर्वांत महत्त्वाचे समजतो. मोठ्या शहरात भाड्याची खोली मिळणे जर्मन विद्यार्थ्यालाही दुरापास्त झाले आहे, आणि ज्याला अजून बँकेचे खाते नाही, पगाराची पावती नाही, अशा नवागताला ती हातखर्चाच्या रकमेत मिळेल ही आशाच करू नये. म्यूनिकमध्ये खोलीविना चारशे युरो आणि एखाद्या आडगावात खोली-जेवणासह अडीचशे, असे दोन प्रस्ताव समोर असतील तर आडगाव निःशंकपणे स्वीकारावे. आईवडिलांना शहराचे नाव ओळखीचे वाटते म्हणून ते निवडणे हा नातेवाइकांना सांगण्यापुरता लाभ आहे.

निर्वाह कसा होणार हे व्हिसाच्या अर्जातही पटवून द्यावे लागते. महाराष्ट्रातील अर्जदारांचे प्रकरण मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडे जाते, दीर्घ मुदतीच्या व्हिसाचे शुल्क ७५ युरो आहे, आणि खोली, जेवण व हातखर्च मिळून भागत नसेल तर उरलेल्या रकमेची तरतूद कोठून, असा प्रश्न येतोच. पर्यटक व्हिसावर जाऊन ‘तेथे गेल्यावर बदलून घेऊ’ असे सांगणाऱ्याच्या नादी मुळीच लागू नये.

दलालाला काय विचारावे

सेवावर्षाची जागा मिळविण्यासाठी दलालाची कायदेशीर आवश्यकता काडीइतकीही नाही. डॉयचेस रोटेस क्रॉइत्स म्हणजे जर्मन रेडक्रॉस, कारितास, डियाकोनी यांसारख्या संस्था स्वतः उमेदवारांचे अर्ज घेतात, मुलाखत पडद्यावरून होते, आणि पत्रव्यवहार आपल्याच नावाने चालतो. काही संस्था परदेशी उमेदवाराकडून अर्जाचे किंवा सहभागाचे शुल्क घेतात, तेही संस्थेच्या लेखी पत्रात नमूद असते आणि संस्थेच्याच खात्यात भरावयाचे असते. तरीही कागदपत्रांच्या मदतीपुरते कोणाला पैसे द्यावयाचेच असतील, तर एवढे तीन प्रश्न विचारावेत: संस्थेचे आणि कामाच्या ठिकाणाचे नाव काय, त्यांच्याशी मी स्वतः बोलू शकतो का, आणि करारावर सही कोणाची असेल. बीएफडी असेल तर करारात कोलोन येथील संघराज्याचे कार्यालय स्वतः एक पक्ष असते. एफएसजे असेल तर मान्यताप्राप्त संस्थेची सही असते. तिसऱ्याच कोणा खाजगी कंपनीच्या शिक्क्याचा कागद दाखविला जात असेल, किंवा ‘जागा निश्चित, नाव नंतर कळवू’ असे उत्तर मिळत असेल, तर तेथेच रामराम ठोकावा.

भाषेच्या बाबतीतही हीच सावधगिरी बाळगावी. संस्था बहुधा ए-२ किंवा बी-१ पातळी मागतात. ती मुंबईच्या वा पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात परीक्षा देऊन सिद्ध करता येते. विकतच्या प्रमाणपत्राने मुलाखत कदाचित निभावेल. सकाळी सात वाजता नव्वदीतली आजी काय मागते आहे ते त्याने कळणार नाही.

पहिला पंधरवडा कचेऱ्यांचा

उतरल्यानंतरचे पहिले दिवस कामापेक्षा कागदांत जातात आणि ते तसेच जाऊ द्यावेत. क्रम पुढीलप्रमाणे ठेवल्यास खेपा वाचतात.

१. खोलीत राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरकचेरीत वास्तव्याची नोंद, म्हणजे ‘आनमेल्डुंग’, करावी लागते. त्यासाठी घरमालकाचा लेखी दाखला लागतो. संस्थेची खोली असेल तर तो संस्था देते.

२. त्याच दिवशी टपालपेटीवर आपले नाव लावावे. जर्मनीत टपाल खोलीच्या क्रमांकाने नव्हे, पेटीवरच्या आडनावाने पोहोचते. नाव नसेल तर विम्याचे कार्ड, कराचा क्रमांक आणि बँकेची पत्रे निमूटपणे परत जातात, आणि आपण मात्र कचेरीच्या दिरंगाईला दोष देत बसतो.

३. बँकेचे खाते. कायदेशीर वास्तव्य असलेल्या प्रत्येकाला साधे खाते मिळण्याचा हक्क २०१६ पासून आहे. एखाद्या शाखेने टाळाटाळ केली तर ‘बाझिसकोंटो’ हा शब्द उच्चारून लेखी अर्ज द्यावा.

४. आरोग्यविमा. कोणता विमानिधी घ्यावयाचा ते आपण निवडावे आणि संस्थेला कळवावे.

५. वास्तव्याचा परवाना. व्हिसा काही महिन्यांचाच असेल, तर परदेशी नागरिकांच्या कचेरीत, म्हणजे ‘आऊसलेंडरबेहोर्डे’त, त्याची मुदत संपण्यापूर्वी अर्ज पोहोचला पाहिजे. भेटीची वेळ मिळावयास कित्येक आठवडे लागतात, म्हणून पहिल्याच महिन्यात ती मागावी. मुदत संपण्याआधी अर्ज दाखल असेल तर निर्णय होईपर्यंतचा तात्पुरता दाखला मिळतो.

बालवाडी, शाळा वा इस्पितळ यांत काम असेल तर १९७० नंतर जन्मलेल्यांना गोवराच्या लसीचा पुरावा द्यावा लागतो. २०२० च्या मार्चपासून तसा कायदाच आहे. लहानपणीची लसीकरणाची पुस्तिका आईच्या कपाटात कोठेतरी असतेच. ती शोधून, भाषांतर करवून, सोबत न्यावी. गाडी चालविण्याचे काम सांगितले गेले तर भारतीय परवाना वास्तव्य सुरू झाल्यापासून सहाच महिने चालतो हे ध्यानात असू द्यावे, आणि सातव्या महिन्यात संस्थेच्या आग्रहावरूनही चाकामागे बसू नये. दंड संस्थेला नव्हे, आपल्याला होतो.

कामाचा दिवस

आपल्याकडील बरीच मुले वृद्धनिवासांत नेमली जातात, म्हणून तेथील दिवस थोडा जवळून पाहू.

महिन्याचे वेळापत्रक आधीच भिंतीवर लागलेले असते. त्यात सकाळची पाळी, दुपारची पाळी आणि आठवड्याच्या अखेरीचे कामाचे दिवस दिलेले असतात. सकाळची पाळी साडेसहा-सातला सुरू होते, आणि सात म्हणजे सातला कपडे बदलून हजर, सातला दारात नव्हे. रात्रपाळीची परिचारिका कोणाला झोप लागली नाही, कोण पडले, कोणाचा ताप उतरला हे भराभर सांगते. आरंभीच्या आठवड्यांत त्यातले अर्धेअधिक कळत नाही. खिशात लहान वही ठेवावी, नावे आणि खोल्यांचे क्रमांक लिहावेत, आणि न कळलेले पाळी संपताच विचारावे. न कळता मान डोलावणे ही आपल्या सभ्यतेची सवय तेथे धोक्याची ठरते.

त्यानंतर न्याहारीची ढकलगाडी. येथे स्वयंसेवकाच्या हातून घडणारी सर्वांत गंभीर चूक अगदी निरुपद्रवी दिसते. पक्षाघातानंतर किंवा वार्धक्याने ज्यांची गिळण्याची शक्ती क्षीण झालेली असते त्यांना साधे पाणी चालत नाही, ते घशाऐवजी श्वासनलिकेत उतरते. म्हणून त्यांच्या पाण्यात, चहात एक भुकटी घालून ते दाट केलेले असते. अशा आजोबांनी तहान लागली म्हणून हात पुढे केला आणि आपण दयेने भरलेला पेला त्यांच्या हाती दिला, तर त्यांचा जीव संकटात येऊ शकतो. कोणाला दाट पेय, कोणाला कुस्करलेले अन्न, कोणाला साखर वर्ज्य, याची यादी स्वयंपाकघरात असते. ती पाठ होईपर्यंत कोणालाही विचारल्याशिवाय काही देऊ नये.

दुपारी तीनच्या सुमारास कॉफी आणि केकची वेळ येते, आणि खरे सांगावयाचे तर स्वयंसेवकाची खरी गरज तेव्हाच असते, कारण परिचारिकांना कोणाजवळ बसावयास सवड नसते. पत्ते, वर्तमानपत्राचे वाचन, बागेतील फेरी, आणि ‘मेन्श एर्गेरे डिश निश्त’ हा प्रत्येक जर्मन घरात असलेला पटावरचा खेळ; हा आपल्याच पचिशीचा वंशज असल्यामुळे आपल्या मुलांना तो क्षणात जमतो आणि पहिल्याच डावात आजीबाईंना हरविण्याचा अविचारही त्यांच्या हातून घडतो. वृद्धांची बोली परीक्षेतल्या जर्मनसारखी नसते. श्वाबेन किंवा बव्हेरिया प्रांतात असाल तर पहिला महिना कानांना अवघड जाईल, ते स्वाभाविक समजावे.

शरीरशुश्रूषेविषयी मोकळेपणाने लिहिले पाहिजे. आंघोळ घालणे, कपडे बदलणे, शौचाला नेणे या कामांत मदत करावी लागू शकते, आणि ज्या मुलाने घरी स्वतःचे ताटही कधी उचललेले नसते त्याला हा धक्का मोठा असतो. म्हणून मुलाखतीतच याविषयी स्पष्ट विचारावे, लाजू नये. नीट शिकविल्यानंतर आणि कोणी सोबत असताना ही कामे करण्यात गैर काही नाही. परंतु औषधे देणे, इंजेक्शन टोचणे, जखमेची मलमपट्टी करणे, आणि विभागात एकट्याने राहून सर्वांची जबाबदारी घेणे, ही स्वयंसेवकाची कामे नव्हेत. मनुष्यबळ अपुरे असलेल्या ठिकाणी ‘आजच्या दिवस सांभाळ’ असे गोड शब्दांत सांगितले जाते. अशा वेळी नकार देण्याचा आपल्याला अधिकार आहे, आणि तो द्यावा. ‘हे मला शिकविलेले नाही, मी करू शकत नाही’ एवढे एक वाक्य जर्मनमध्ये पाठ असावे.

वृद्धनिवासात मृत्यूही घडतात. काल ज्यांच्याशी खेळलो त्यांची खोली आज रिकामी, हा अनुभव विशीच्या आत-बाहेरच्या मुलाला घरापासून दूर असताना येतो. त्या दिवशी प्रमुखांना सांगून थोडा वेळ बाहेर बसण्यात कमीपणा नाही.

पैशाचा जमाखर्च

युरोला रुपयांनी गुणून घरी किती उरले ते मोजणे पहिल्या महिन्यात सोडून द्यावे. खर्चही युरोतच होतो. खोली आणि जेवण मिळत असेल तर हातखर्चातून पास, दूरध्वनी, कपडे, थोडे बाहेरचे खाणे एवढे भागते आणि काटकसरीने थोडे शिल्लकही राहते. जेवण मिळत नसेल तर स्वयंपाक आलाच पाहिजे. दुकाने रविवारी बंद असतात, तेव्हा शनिवारीच सामान भरावे. पाण्याच्या व पेयांच्या बाटल्यांवर अनामत असते, बहुतेक एकदा वापरावयाच्या बाटल्यांवर २५ सेंट, ती यंत्रात परत करून सोडवून घ्यावी.

देशभराच्या लोकलगाड्या, बस आणि ट्राम यांसाठी ‘डॉइचलांडटिकेट’ नावाचा मासिक पास आहे. २०२३ च्या मे महिन्यात तो ४९ युरोंना सुरू झाला, पुढे त्याची किंमत वाढत गेली. काही राज्यांत स्वयंसेवकांना तो सवलतीत मिळतो, म्हणून आधी संस्थेकडे चौकशी करावी. हा पास आपोआप नूतनीकृत होत राहतो. पुढल्या महिन्यात नको असेल तर चालू महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द केला पाहिजे, नाहीतर पैसे गेले.

आकाशवाणी-दूरदर्शनचे शुल्क घरामागे दरमहा १८.३६ युरो असते, माणसामागे नव्हे. सामायिक घरात राहत असाल तर कोणा एकाने ते भरावे आणि इतरांनी त्याचा वाटा द्यावा. आपल्या नावे आलेले पत्र जाहिरात समजून टाकून देऊ नये, थकबाकी साचते.

फावल्या वेळात दुसरे काम करून कमाई करावी असा मोह होतो. संस्थेच्या आणि परवान्याच्या अटींत बसत नसेल तर असे काम करू नये. एखाद्या ओळखीच्या उपाहारगृहातली शनिवारची रोख कमाई वर्षभराच्या परवान्यावर बेतू शकते.

प्रशिक्षण, आजारपण, रजा

काही महिन्यांत एक आठवडा कामाऐवजी प्रशिक्षणाला जातो. निरनिराळ्या ठिकाणचे स्वयंसेवक एखाद्या युवकनिवासात एकत्र राहतात, कामातले अनुभव सांगतात. हजेरी सक्तीची असते आणि त्या दिवसांत रजा मिळत नाही. दिवाळीला घरी येण्याचे तिकीट काढण्यापूर्वी या तारखा पाहाव्यात. आमच्या मते सबंध सेवावर्षात आपल्या मुलांना सर्वांत उपयोगी पडतो तो हाच भाग, कारण ‘माझ्याच ठिकाणी असे चालते का’ या प्रश्नाचे उत्तर तेथे समवयस्कांकडून मिळते.

आजारी पडल्यास पाळी सुरू होण्यापूर्वी दूरध्वनी करून कळवावे. मित्राकरवी निरोप पाठवू नये. डॉक्टरचा दाखला कोणत्या दिवसापासून लागतो ते करारात असते, पुष्कळ ठिकाणी तो पहिल्याच दिवसापासून मागतात. आजारपणात हातखर्च साधारणतः सहा आठवड्यांपर्यंत चालू राहतो. रात्री-अपरात्री, परंतु जिवावर न बेतलेल्या दुखण्यासाठी ११६११७ हा क्रमांक आहे. जीवघेण्या प्रसंगी आणि आगीसाठी ११२, पोलिसांसाठी ११०.

बिनसले तर

तक्रारीचे स्वरूप आधी नीट ओळखावे. थंडी, एकाकीपणा, सहनिवाशाचा विक्षिप्त स्वभाव, जेवणात तिखट नसणे, ही दुःखे खरी असली तरी करारभंग नव्हेत. मोठ्या शहरांतून मराठी मंडळे आहेत, गणेशोत्सव होतात, तिकडे जाऊन यावे. ठरलेल्यापेक्षा जास्त तास, न दिलेला हातखर्च, शिकविल्याविना लादलेली वैद्यकीय कामे, अपमान वा लैंगिक त्रास, ही मात्र तक्रारीची कारणे होत, आणि त्यांचा शिरस्ता ठरलेला आहे.

प्रथम, रोजच्या रोज लिहावे: तारीख, सुरू झालेली वेळ, संपलेली वेळ, सांगितलेले काम. वेळापत्रकाचे छायाचित्र काढून ठेवावे. त्यानंतर कामाच्या ठिकाणी नेमून दिलेल्या मार्गदर्शकाशी बोलावे. तेथे दाद लागली नाही तर सेवावर्ष चालविणाऱ्या संस्थेतील आपल्या समुपदेशकाला लेखी कळवावे. कामाचे ठिकाण आणि ही संस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आपल्या मुलांच्या लक्षातच येत नाही, आणि ज्यांच्याविरुद्ध तक्रार त्यांच्याकडेच ती पुन्हा पुन्हा मांडून ती हताश होतात. ठिकाण बदलून मिळते. वाद विकोपाला गेलाच तर कामगार न्यायालयाकडेही दाद मागता येते.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावी. रागाच्या भरात राजीनामा देऊ नये, आणि काम सोडून दुसऱ्या शहरात मित्राकडे जाऊन राहू नये. वास्तव्याचा परवाना या सेवेशी बांधलेला असतो. दुसरे ठिकाण लेखी निश्चित होईपर्यंत पहिले सोडू नये, आणि बदल झाला की तो परदेशी नागरिकांच्या कचेरीला कळवावा.

वर्ष संपताना

सेवावर्षानंतर तेथेच व्यवसायशिक्षण, म्हणजे ‘आऊसबिल्डुंग’, घेण्याचा बेत अनेकांचा असतो, आणि तो अयोग्य नाही. परिचर्येचे तीन वर्षांचे शिक्षण वृद्धनिवासातून आलेल्या मुलांना मानवते. परंतु परवाना आपोआप बदलत नाही. शिक्षणसंस्थेचा करार, पुरेशी भाषा आणि नवा अर्ज ही तिन्ही हवीत, आणि जुनी मुदत संपण्याच्या बऱ्याच आधी हवीत. म्हणून शोधाला नवव्या महिन्यात नव्हे, चौथ्या-पाचव्यात लागावे. ही वाट नेहमी खुली असतेच असे दलाल सांगतो तसे गृहीत धरून येथील शिक्षण अर्धवट टाकू नये.

सेवा पुरी झाल्यावर संस्थेकडून लेखी दाखला मागण्याचा आपल्याला हक्क आहे. नुसता कालावधीचा नव्हे, कामाचे वर्णन आणि अभिप्राय असलेला दाखला मागावा, आणि तो शेवटच्या महिन्याच्या आरंभीच मागावा. परत येणार असाल तर नगरकचेरीतील नोंद रद्द करावी लागते. घर सोडण्यापूर्वी आठवडाभर ते सोडल्यानंतर दोन आठवड्यांपर्यंत ती करता येते. नोंद रद्द केल्याच्या दाखल्याची प्रत बँक, विमानिधी आणि दूरध्वनी कंपनी यांना पाठवावी, आणि आकाशवाणीचे शुल्क आपल्या नावे असेल तर तेही निराळे पत्र लिहून बंद करावे. नगरकचेरीतील नोंद रद्द झाली म्हणून ते थांबत नाही.